मृणालचे उच्चार

सुहासचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते. "नीता, मृणाल गेली गं," एवढंच त्याला बोलता आलं. मेंदूत रक्तस्राव... ऐन पन्नाशीत. त्याची बायको, माझी जुनी मैत्रीण. दोन महिने होत आले, पण माझा राग काही ओसरत नाही, आणि तो मरणावरचा नाही.

आम्ही दोघी पुण्यातल्या एकाच कॉलेजातल्या, एडिनबरालाही पाठोपाठच आलो. इथल्या एका विद्यापीठात ती संख्याशास्त्र शिकवायची. प्रमोशनला अर्ज केला की दरवेळी तेच उत्तर: काम उत्तम, पण विद्यार्थ्यांना तुमचे उच्चार कळत नाहीत. एका विद्यार्थ्याने तर फीडबॅकमध्ये 'इंग्रजी येणारं कुणीतरी द्या' असं लिहिलं होतं. तिच्या शेजारच्या खोलीतल्या जर्मन प्राध्यापकाचं बोलणं मला निम्मंच कळायचं, त्याच्या उच्चारांचं मात्र सगळ्यांना कोण कौतुक! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मग विभागप्रमुखांनी अगदी गोड बोलून तिला व्हॉइस कोचकडे पाठवलं. पोळ्या लाटताना ती एकेक इंग्रजी शब्द घोळवत बसायची. मला बघवेना.

"सरळ कम्प्लेंट कर ना. धिस इज रेसिझम, मृणाल."

"केली की मी 'डिफिकल्ट' ठरणार. मग प्रमोशनचं पॅनेल मला कशाला विचारतंय?"

"आणि नाही केलीस तर?"

"तर नुसती नापास होईन," म्हणून ती हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नव्हतं.

पुढे पुढे ती मराठीतही बोलण्याआधी थांबायला लागली, वाक्य मनात तपासून घेतल्यासारखी. कॉलेजात भांडताना जिला 'जरा श्वास घे' म्हणावं लागायचं, ती ही मृणाल! यंदाही पॅनेलने नकार कळवला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. त्यामुळेच गेली असं म्हणता येत नाही, हे हॉस्पिटलात काम करून मला कळतं... पण कळून काय उपयोग?

तिच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. या टर्मला तिची रेकॉर्ड केलेली लेक्चर्सच दाखवतायत. उच्चार आता चालतात.

परवा सुहासने त्यातलं एक मला ऐकवलं. लेक्चर संपतं, मुलं निघून जातात, दार मिटतं. माईक मात्र चालूच राहिलाय. रिकाम्या वर्गात मृणाल 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणते... पुन्हा म्हणते... पुन्हा. तिला त्यात काय चुकल्यासारखं वाटत होतं कुणास ठाऊक, मला तर सगळे सारखेच ऐकू आले. मग खुर्ची सरकते, आणि अगदी हळू, आपल्या मराठीत, ती म्हणते, "दमले गं बाई."

मला ती हे कधीच म्हणाली नव्हती.