अंगणातली रुई आणि बाबांचा पंप

अमरावतीत घर घेतलं तेव्हा कंपाउंडला कोनोकार्पस या परदेशी झाडांची हिरवीगार रांग होती. तिच्यावर ना पाखरू बसे, ना मधमाशी फिरके. एका रविवारी डोकं सटकलं आणि मी कुऱ्हाड घेतली. दुपारपर्यंत अख्खी रांग आडवी. हाताला फोड आले, पण जीव थंड झाला.

त्या जागी वलगावकडच्या एका शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आणलेली रुई लावली. अडुळसा, धायटी, कढीपत्ता लावला. गाव सोडून माझ्याकडे राहायला आलेले बाबा रुई पाहून कडाडले, "वावरातली रुई उपटता उपटता माही कंबर मोडली, अन् तू तेच दारात लावून राहिली? येड लागलं का वं तुले?"

"फुलपाखरं अंडी घालतात तिच्यावर."

"मंग अळ्या होतीन ना!"

झाल्याच. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, गुबगुबीत. अडुळशावर शिंजीर पाखरानं लोंबतं घरटं बांधलं, त्यात दोन पिल्लं. शाळेत शिकवून घरी आले की आधी पिल्लं पाहायची, मग चहा. माझा सारा जीव त्या घरट्याला टांगलेला.

बाबांची हयात कपाशीत गेली. कपाशीवाल्याला अळी दिसली की ती कुणाची, कशाची, हे तो विचारत नाही. चिमटीत धरायची, चिरडायची.

त्या दुपारी फाटकातच फवारणीच्या औषधाचा वास आला. बाबा पाठीवर गावाहून आणलेला जुना पंप बांधून फवारत होते. रुई झाली होती, अडुळसा चालू होता. अळ्या खाली पडून वेटोळी होत होत्या, तोंडातून हिरवं पाणी येत होतं. घरटं ओलंचिंब.

मी धावले आणि नळी हिसकली. बाबा सोडेनात. "हट! अळी ठेवली त वावर जाते!"

"इथं कुठं वावर हाये? डोळे फुटले का तुमचे?"

त्यांनी थाडकन माझ्या कानाखाली दिली. मी नळी पिरगाळली, फवारा त्यांच्याच डोळ्यांत गेला. "मेलो वं माय!" म्हणून ते खाली बसले. मानगूट धरून मी त्यांना नळाखाली नेलं. मी त्यांचे डोळे धूत होते आणि त्यांना शिव्या देत होते, एकाच वेळी. देवाशपथ, तेव्हा मला त्यांची दया आली नाही. नंतर त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं.

सकाळी शिंजीर मादी चोचीत कोळी घेऊन आली. पिल्लं मेलेली. ती एकाच्या चोचीत कोळी कोंबायची, तो खाली पडायचा, ती पुन्हा उचलून आणायची. बाबा लाल सुजल्या डोळ्यांनी पायरीवर बसून पाहत होते. मी म्हटलं, "पाहा. नीट पाहा." ते उठले, पंप अंगणात आणला आणि त्याच कुऱ्हाडीनं फोडला. फुटल्यावरही घाव घालत राहिले. मी थांबवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात रुईवर परत अळ्या आल्या. मी खिडकीत होते. बाबा पानाजवळ गेले, सवयीनं चिमूट पुढं झाली आणि अळी बोटांत आली. पण बोटं मिटली नाहीत. त्यांनी तिला परत पानावर ठेवलं आणि हात धोतराला पुसला.

"खाय, सालीचे," ते म्हणाले. "पोटभर खाय."