पऱ्हाटीवालीचा ऑफ सीझन

अख्ख्या वऱ्हाडात सगळ्यात मोठा कास्तकार कोण, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून अकोल्याच्या आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. चारशे एकर काळीभोर जमीन, सहा ट्रॅक्टर, बाराही महिने पाण्याने भरलेली विहीर आणि भारनियमनाचं नाव नाही. आता ही सगळी इस्टेट त्यांच्या बैठकीतल्या कॉम्प्युटरच्या आत आहे, आणि कॉम्प्युटरच्या बाहेर तुळशीची एक कुंडी सोडली तर साडूंच्या नावावर मातीचं ढेकूळही नाही, ही गोष्ट वेगळी. पण असला भेद तुम्ही-आम्ही करायचा. साता समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीने शेतीचा एक व्हिडिओ गेम काढला आहे. जगभरचे लोक तो एकत्र खेळतात, ज्याची त्याची शेती वेगळी आणि बाजारपेठ सगळ्यांची एक. साडू मात्र 'गेम' हा शब्द कधी उच्चारत नाहीत. ते 'वावर' म्हणतात.

हे वेड म्हातारपणचं आहे, पण त्याचं मूळ जुनं आहे. साडूंची सगळी हयात अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापसाची प्रत ठरवण्यात गेली. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत ओढायचा आणि धागा किती मिलिमीटरचा ते सांगून मोकळं व्हायचं. ही खोड त्यांनी फॅक्टरीच्या फाटकात कधी सोडली नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे मोठे जावई म्हणून ते अमरावतीला आमचं घर पाहायला आले होते. चहा येईस्तोवर त्यांनी आमच्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस उपसला, ओढून पाहिला आणि माझ्या वडिलांना गंभीरपणे सांगितलं, "फसवलं तुमाले. बावीसच्या वर धागा नाई." ती गादी वडिलांनी स्वतः उभं राहून भरून घेतली होती. पुढे दोन दिवस आमचं लग्न त्या बावीस मिलिमीटरच्या धाग्यावर लोंबकळत होतं.

पुण्याच्या मुलाने दिवाळीत कॉम्प्युटर आणून बसवला आणि साडूंचा जन्मभराचा शेतीचा अनुशेष एका दमात भरून निघाला. पेरणी पंचांग पाहून. नांगर धरण्याआधी पडद्याला हळदकुंकू. अडचण एवढीच, की तिथलं वर्ष आपल्या आठवड्याभरात संपतं, त्यामुळे साडूंच्या घरी दर आठवड्याला पोळा येऊ लागला. तीन आठवडे मोठ्या मेव्हणीबाईंनी मुकाट्याने पुरण शिजवलं. चौथ्या आठवड्यात त्यांनी साडूंना, वावरातच चूल मांडा आणि तिथेच पुरणपोळ्या लाटा, असं सांगितलं. आमच्या पुतण्याच्या लग्नात तर कमालच झाली. पंगतीत बसल्याबसल्या साडूंनी मोबाइलवर तिथलं हवामान पाहिलं आणि ताटावरून उठले. सोयाबीन उघड्यावर पडून आहे म्हणाले. आमचे व्याही खरेखुरे कास्तकार. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी स्वतःची नवी ताडपत्री साडूंच्या हातात दिली आणि गाडीने त्यांना स्टँडवर सोडलं. ती ताडपत्री साडूंनी परत केली नाही. आजही ती कॉम्प्युटरशेजारी घडी घालून ठेवलेली असते.

अशा या सुखी संसारात एकच काटा होता. त्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. यंत्र एकदा फिरलं की सगळा कापूस एका झटक्यात निघायचा आणि रान बोडकं व्हायचं. पहिला वेचा, दुसरा वेचा, शेवटची पिवळट फरदड, काही भानगडच नाही. साडूंना त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना. त्यांनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं आणि ते तपासायला माझ्याकडे पाठवलं, कारण मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे आणि साडूंच्या मते विलायतेची भाषा माझ्या ताब्यात आहे. मी लाल शाईने ते पत्र रक्तबंबाळ केलं. कंपनी कसली उत्तर देते, असंही वर सांगितलं. पण उत्तर आलं. त्या गेममधली पिकं कंपनीत बसून तयार करणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, की मी आयुष्यात पऱ्हाटी पाहिलेली नाही, मला आणखी सांगाल का? आता साडूंना 'आणखी सांगा' म्हणणं म्हणजे काय असतं, हे तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार. अकरा पानं गेली. मी अकराही तपासली. चार महिन्यांनी त्या वावरातली पऱ्हाटी तीनदा वेचता येऊ लागली, आणि तिसऱ्या वेच्याचा कापूस पाहावा तर हुबेहूब पिवळट. सकाळी साडेसहाला साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, पऱ्हाटी पास झाली." त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कोणाला काय झालं, मुलगा की मुलगी, असं शेजाऱ्यांनी विचारल्यावर मेव्हणीबाई आत निघून गेल्या. तेव्हापासून ती मुलगी आमच्या घरात पऱ्हाटीवाली झाली. तिचं खरं नाव साडूंना म्हणता येत नाही.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात एक दिवस साडूंचा फोन आला. आवाजात चांगलाच उत्साह होता. कंपनीने शेकडो लोकांना ऑफ दिला, त्यात आपल्या पऱ्हाटीवालीलाही भेटला, पण लोकांची डोकी फिरली आहेत, असं त्यांचं म्हणणं. खेळणाऱ्यांनी वावराच्या बाजारपेठेत ट्रॅक्टर आडवे लावून चक्का जाम केला होता. ब्राझीलच्या शेजाऱ्याने आपला ट्रॅक्टर तळ्यात घातला. पोलंडच्या शेजाऱ्याने कंपनीला असं काही लिहिलं, की कंपनीने ते पुसून टाकलं. कित्येकांनी गेमच काढून टाकला. पोरीला चार महिने सुटी मिळाली तर ट्रॅक्टर बुडवायचं कारण काय, हे साडूंना समजेना. त्यांनी स्वतः मात्र रीतसर अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं. या खेपेला मला न दाखवता.

कंपनीचा ऑफ सुटीचा नसतो, एवढं मला ठाऊक होतं. आता हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून अकोल्याला गेलो. साडूंनी कौतुकाने पत्र दाखवलं. चारच ओळी होत्या. तुझ्या ले-ऑफबद्दल अभिनंदन. पोटभर जेव, भरपूर झोप. आईला भेटून ये. हंगाम सुरू झाला की आपण भेटूच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिनिंगमध्ये कापूस संपला की ऑफ सीझन लागतो. माणसं आपापल्या गावी जातात आणि दसऱ्याच्या सुमाराला फॅक्टरीचं बोलावणं आलं की परत येतात. ज्या माणसाने आयुष्यभर ऑफ हा शब्द असाच ऐकला, त्याने पुढे 'ले' लागलेला पाहून तरी काय वेगळं समजावं? वऱ्हाडात तर 'ले' कशालाही लागतो.

मी त्यांना समजावून सांगितलं, की हा तो ऑफ नव्हे. यात बोलावणं येत नाही. तिला कामावरून काढलं आहे, कायमचं. साडूंनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "कावून? पऱ्हाटी तं पास झाली होती ना."

 मेव्हणीबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. साडूंनी उठून ताडपत्रीची घडी मोडली आणि कॉम्प्युटरवर पांघरली. परत निघालो तेव्हा मेव्हणीबाई फाटकापर्यंत आल्या आणि जे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं ते त्यांनी सांगितलं. साडू रिटायर झाले असं आम्ही सगळे म्हणतो, पण तसं नव्हतं. "त्यायच्या जिनिंगनं पण ऑफच देला होता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तीन दसरे वाट पायली यायनं."

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. या माणसाची मी लग्नापासून टिंगल करत आलो आहे.

पंधरा दिवस वावर ताडपत्रीखाली होतं. चारशे एकर पडीक आणि साडू तुळशीच्या कुंडीला तासतासभर पाणी घालत बसलेले. पोरीच्या जखमेवर आपण मीठ चोळलं, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी माफीचं पत्र लिहून माझ्याकडे पाठवलं. जन्मात काही तपासलं नसेल इतक्या काळजीने मी ते तपासलं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे राहू दिला नाही. ते परत टपालात टाकायला निघालो आणि तेवढ्यात साडूंचा फोन आला. पऱ्हाटीवालीचं उत्तर आलं होतं. त्यांना वाचायचा धीर होत नव्हता, म्हणून त्यांनी ते मला मोबाइलवर पाठवलं आणि फोनवर मीच वाचून दाखवलं.

तिने लिहिलं होतं, की मला शेकडो लोकांची पत्रं आली. कोणी कंपनीला शिव्या दिल्या, कोणी माझ्याबद्दल हळहळले. सगळे चांगले लोक आहेत. पण मी परत येणार आहे, असं लिहिणारे तुम्ही एकटेच. सध्या मी एका बेकरीत पाव भाजते. तुम्ही सांगितलंत तसं आईला भेटून आले. तुमच्याकडे हंगाम कधी सुरू होतो?

 साडूंनी तिथल्या तिथे उत्तराचा मजकूर सांगितला. "लिहा तिले. दसऱ्याले."

त्याच संध्याकाळी ताडपत्री निघाली. तेव्हापासून साडू कापूस वेचतात, पण दर वेळी शेवटची एक ओळ तशीच सोडतात, पऱ्हाटीवाली आली की वेचील म्हणून. ब्राझीलच्या शेजाऱ्याने कारण विचारलं, साडूंनी सांगितलं, आणि आता त्याच्याही वावरात एक ओळ पांढरीफेक उभी असते. पोलंडवाल्याच्याही. मेव्हणीबाई सांगतात, ओळी मोजायला रोज एक फेरी होते, आणि चहा गार होतो.

दसरा येऊन गेला. मी सोनं द्यायला अकोल्याला गेलो होतो. साडूंनी मला आपट्याचं पान दिलं, गळाभेट घेतली, आणि एक पान कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवून ठेवलं. बेकरीतून काही कळलं का, असं मी विचारलं. "यंदा हंगाम लेट हाय," म्हणाले, आणि मला फराळाला बसवलं.

ते चार ओळींचं पत्र तपासायला माझ्याकडे आलं असतं, तर हंगामाची ओळ मी सगळ्यात आधी खोडली असती. माफीचं ते निर्दोष पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. आणि सकाळी साडेसहाला फोन वाजला, की हल्ली मी चष्मा शोधत बसत नाही. तसाच धावतो. पऱ्हाटीवाली रुजू झाली, असं कोणीतरी सांगेल म्हणून.