पंचफुलाबाईंनी गाळलेलं कडवं

शाळेत तीस वर्षं आयाची नोकरी करून पंचफुलाबाई आता गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. बाई भारी फटकळ. शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा त्यांना वचकून असत. पण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसे.

नवरा भिवाजी गाणी रचायचा, जयंतीला वस्तीत गायचा. रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचा. ते कडवं आलं की साथीला गाणाऱ्या बाई गप्प. तो चिडवायचा, "बुद्धवंदना खणखणीत म्हणतीस, अन् माझं नाव घ्यायला लाजतीस व्हय?" त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली. गाणी तेवढी बाईंच्या तोंडी उरली.

बाईंच्या भावाची नात शिवानी गिटारवर स्वतःची गाणी गाते. भिवाजी तिच्या जन्माआधीच गेलेला. तिच्या लेखी ते नुसते 'गौलीगुड्याचे आजोबा'. आपल्या पहिल्या अल्बममध्ये तिला एक जुनं गाणं हवं होतं. तिनं पंखा बंद केला, माइक पुढं धरला. बाई भिवाजीनं रचलेलं पोरीच्या दप्तराचं गाणं गायल्या. तीन कडवी झाली आणि थांबल्या.

"खतम, आजी?"

"हौ. एवढंच हाय."

चिक्कडपल्लीच्या हॉलमध्ये अल्बम निघाला, तेव्हा बाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शिवानी कौतुकानं म्हणाली, "हे गाणं कोणी लिहिलं, किसीको मालूम नाही. पारंपरिक आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. उठून एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. जन्मभर कुणाला न भ्यालेल्या बाईला तेवढं जमलं नाही.

घरी आल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं. आपल्याच तोंडानं आपण त्याला पुसून टाकलं, हा विचार रात्रभर जाईना. कसली मर्यादा अन् कुणासाठी? त्या माणसाला तर ती कधीच नको होती.

सकाळी अंघोळ उरकून त्यांनी शिवानीला फोन लावला. "त्या गाण्याला अजून एक कडवं हाय," म्हणाल्या आणि थेट गायलाच लागल्या. नावापाशी आवाज फाटला, पण नाव बाहेर आलं.

"किती मस्त, आजी!" शिवानी म्हणाली. "पण हे भिवाजी कोण?"