नलूने वाचलेली माणसं

दीड महिना झाला. हडपसरच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडत होते आणि यवतमाळहून नलूच्या भावाचा फोन आला. "ताई, नलूताई गेली." सुट्टीला आईकडे गेली होती. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि तासाभरात सगळं संपलं... मी डबा तसाच झाकून ठेवला.

नलू वाघोलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. लोक सोशल मीडियावर जे लिहितात, त्या भाषेवरून एकेका भागाचा स्वभाव मोजता येईल का, हा तिचा ध्यास. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारं कुणीतरी तिला हवं होतं, आणि ओळखीतून मी सापडले, जन्माची पुणेकर. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, "अहो, अकराची वेळ ठरली होती. आपलं घड्याळ यवतमाळलाच राहिलं का?" ती खळखळून हसली. "पुणं मोजायला आता पोस्ट कशाला पाह्यजे!" तिथपासून आम्ही अगं-तुगंवर आलो.

दोन वर्षं सुट्ट्या घालवून आम्ही जिल्ह्याजिल्ह्यातल्या पोस्ट जमवल्या. प्रोग्रॅमने निकाल दिला: विदर्भातली माणसं उद्धट, पुण्यातली नम्र. एका परिषदेने आमचा शोधनिबंध स्वीकारलाही. अंतिम प्रत पाठवायच्या आदल्या दिवशी नलू मूळ पोस्ट वाचत बसली होती. 'काय बे, किती दिवस झाले, घरी ये ना' हे शिवीगाळीच्या रकान्यात होतं, आणि 'अहो, आपल्यासारखे विद्वान आमच्या सोसायटीत राहतात हे आमचं भाग्य' हे आदराच्या! आधी ती पोट धरून हसली. मग दोन्ही पोस्ट पुन्हा वाचल्या. "तुमच्या टोमण्याले मान समजला यानं, अन् आमच्या मायेले शिवी," ती म्हणाली. पुण्यात पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तिला बोलण्यावरूनच उद्धट ठरवून परत पाठवलं होतं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. आणि संध्याकाळी निबंध मागे घेतला.

मी भडकले. "माझ्या दोन वर्षांचं काय? मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?" चार महिने मी तिच्याशी बोलले नाही. आज ते चार महिने कुणाकडे तरी परत मागावेसे वाटतात.

ती मात्र त्या काळात पोस्टचे छापील कागद घेऊन, माणसांना त्यांचा अर्थ विचारत बसने हिंडत होती. एकदा तिचा निरोप आला, मार्केट यार्डात ये. मी कुरकुरत गेले. एका गाळ्याबाहेर पोत्यावर बसून ती हमालीचं काम करणाऱ्या एका काकांना पोस्ट वाचून दाखवत होती. "शिवी न्हाय वो ही," काका म्हणाले, "जवळचा हाय म्हणून तसा बोलतोय." नलूने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग माझ्याकडे न बघताच जरा सरकली आणि पोत्यावर जागा केली. मी बसले. भांडण तिथेच मिटलं.

पुढे असं माणसांना विचारून विचारून निबंध नव्याने उभा राहिला. उद्धट आणि नम्र हा फरक जवळपास पुसला गेला. माया कुठे कोणत्या शब्दांत बोलतात, एवढाच काय तो उरला. निष्कर्ष छोटा होता, पण नलूचा फार लाडका.

गेल्या शनिवारी कॉलेजात तिच्या खोलीत गेले. टेबल अजून कुणी आवरलेलं नाही. अर्थ न लागलेल्या पोस्टचा एक गठ्ठा होता, त्यावर तिचे पेन्सिलीचे शेरे. एका कागदावर पुण्यातली पोस्ट होती: 'आजोबा गेले. आता सकाळचा पेपर आधी मलाच मिळतो. छान चाललंय.' प्रोग्रॅमने ठरवलेली भावना: आनंद. शेजारी नलूचं अक्षर: 'खरंच? आमच्या पुणेकरणीला विचारायचं.'

मी तिच्या खुर्चीत बसले. पेन्सिल घेतली, 'आनंद'वर काट मारली आणि लिहिलं, 'दुःख.' जरा वेळाने त्यापुढे आणखी एक शब्द लिहिला... 'फार.'