उमरखेडहून आलेली साक्ष

कापसाच्या बोंडात गुलाबी अळी शिरली त्या वर्षांत आमच्या ऑफिसात पक्षकारांबरोबर अळ्याही यायच्या. बियाण्याची तक्रार करायला आलेला माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून किडकी बोंडं आणायचा आणि पुरावा म्हणून थेट टेबलावर ओतायचा. मी ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते सिनियर वकील चष्मा कपाळावर सरकवून त्या अळीकडे बघायचे आणि विचारायचे, "हे तारखेपर्यंत जगन काय बाप्पा?"

एकदा मी मोबाइल काढला आणि अळीचा फोटो घेतला. म्हटलं, अळी मेली तरी हा राहील. सिनियरनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून अळीचं तोंड पाहिलं, आणि मग दिवसभर आल्यागेल्याला ते तोंड दाखवत बसले. "कोर्ट मानते का पन हे?" असं मधूनच विचारायचे. मानतं, सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, असं मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी तसाच फोन आणला आणि तो चालू कसा करायचा हे विचारायला सकाळी सकाळी माझ्या दारात उभे राहिले.

बाभुळगावच्या कोर्टात तेव्हा आमची दोन तऱ्हेची वकिली एकाच टेबलावर चालायची. सिनियरना निकाल पाठ असायचे. कुठल्या जाड पुस्तकात, डाव्या पानावर, खालच्या बाजूला, हेसुद्धा. मी यवतमाळला कायदा शिकले ते ग्रंथालयात बसून निकाल हातानं उतरवून घेत, कारण ती पुस्तकं घरी नेऊ देत नसत. बोटं दुखायची, पण उतरवलेलं डोक्यात राहायचं. आता सिनियर कपाटापर्यंत पोचेस्तोवर माझ्या फोनवर निकाल आलेला असे. त्यासोबत आपल्या विरुद्ध जाणारे चार निकालही येत, ही त्यातली वाईट गोष्ट. सिनियर म्हणायचे, "माह्या पुस्तकात तं हे नव्हते." नव्हते कसे, त्यांनी त्या पानांवर बोट ठेवलं नव्हतं इतकंच.

मला यंत्रांचं वेड लहानपणापासून. रेडिओ उघडून ठेवल्याबद्दल मी मार खाल्लेला आहे. त्यामुळे कोर्टात भिंतीवर मोठा टीव्ही लागला, त्याच्यावर कॅमेरा आणि न्यायाधीशांच्या टेबलावर माईक आला, तेव्हा मधल्या सुट्टीत डबा सोडून मी तिथेच घुटमळत राहायचे. या सगळ्याला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हणायचं असं ठरलं. सुरुवातीला त्यावर फक्त तुरुंगातले आरोपी दिसायचे. ते टीव्हीतून हात जोडायचे आणि आमचे काही वकील त्यांना उलटा नमस्कार करायचे. आवाज इतक्या लांबून येतो, मग माणूस आला असं धरायचं की नाही, या प्रश्नावर मी सिनियरशी चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घातला आहे. ते म्हणायचे, साक्षीदाराचे पाय दिसले पाहिजेत. खोटं बोलणारा आधी पाय हलवतो.

त्याच सुमारास आमच्याकडे एक बाई आली. ढाणकीच्या बाजूला भावाकडे राहायची, सोबत शाळेत जाणारी मुलगी. नवरा काविळीनं गेला होता. सासर बाभुळगावजवळच्या एका खेड्यात, तिथं नवरा आणि त्याचा मोठा भाऊ यांचं कापसाचं सामाईक वावर. नवरा गेल्यावर वर्षभरात सगळं वावर मोठ्या भावाच्या नावावर चढलं. आम्ही दावा टाकला. समोरच्यांनी उत्तर दिलं की घरगुती तोडगा झाला होता: एके दिवशी ओसरीवर बसून या बाईनं मोठ्या भावाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मले वावर नाई पाह्यजे, तुमीच पाहा.

असा तोंडी तोडगा कायद्यात चालतो, सिद्ध झाला तर. त्यामुळे सगळं येऊन थांबलं तिच्या साक्षीवर. तिनं शपथपत्र दिलं होतं की मी असं काही बोलले नाही. पण समोरचा वकील उलटतपास घेतो तेव्हा साक्षीदाराला उत्तर द्यावं लागतं. उत्तरंच दिली नाहीत तर शपथपत्राची किंमत रद्दीइतकी. वावर गेलं असतं, आणि भावाच्या घरी भाचीला किती वर्षं ठेवून घेणार हा प्रश्न त्या भावाच्या बायकोनं आतापासूनच विचारायला सुरुवात केली होती.

पहिल्या तारखेला बाई पिंजऱ्यात उभी राहिली. चांगली ताठ, नजर सरळ. समोरच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला. तेवढ्यात मागच्या बाकावरून तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा तो मोठा भाऊ, खाकरला. बाईनं झटकन पदर नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, बाई गप्प. न्यायाधीशांनी समजावलं, मग रागावले. पदर हलला नाही. शेवटची संधी म्हणून पुढची तारीख मिळाली.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावर उखडलेच. "काहून नाही बोलली व? मारते का तो तुले?"

"नाई वकीलबाई. मारन कायले? भासरे होते न मांगं."

"मग?"

"मंग कशी बोलू?"

ती मलाच येड्यात काढल्यासारखी बघत होती. हळूहळू तिनं सांगितलं. त्यांच्या घरात भासरा आला की सुनेनं पदर घ्यायचा, समोर थांबायचं नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. भासराही आपली पायरी सांभाळतो. घरात शिरण्याआधी बाहेरूनच खाकरतो, म्हणजे बायांना आत सरकायला वेळ मिळतो. ते खाकरणं ऐकलं की तिचे हात आपोआप पदराकडे जात. लग्न झाल्यापासून जात होते.

मला हे नवं होतं. आमच्या घरी आजोबांनी धम्म स्वीकारला त्याच दिवशी सुनांना सांगितलं होतं की या घरात यापुढे कोणी कोणासमोर पदर ओढणार नाही. माझी आई तिच्या मोठ्या दिरांशी अंगणात उभी राहून असं भांडायची की शेजारचे जेवण थांबवून ऐकायचे. त्यामुळे मला आधी चीड आली. मग कुतूहल वाटायला लागलं. एका घरात राहायचं, एका चुलीवर जेवायचं आणि एकमेकांचा आवाज माहीत नाही, हे जमवत कसे असतील? मीठ पाहिजे असेल तर काय करत असतील? तिला विचारलं. म्हणाली, "पोट्टीले सांगतो. पोट्टी त्याईले सांगते."

तिला गाडीत बसवून दिल्यावर बसस्टँडवर उसाचा रस पिताना माझ्या डोक्यात व्हीसी आली. ढाणकीहून बाभुळगाव म्हणजे तीन बस बदलून दिवस मोडायचा. तिची साक्ष तिला जवळ पडणाऱ्या उमरखेडच्या कोर्टातून घ्या, असा अर्ज करता येत होता. अर्जात मी अंतर लिहिलं, लहान मुलगी लिहिली. खाकरणं लिहिलं नाही; कुठल्या कलमात बसवणार होते ते?

सिनियरना पटलं नव्हतं. "अवं, तिचे पाय कोन पाह्यन?" म्हणाले. पण सही केली आणि त्या अर्जावर युक्तिवादही त्यांनीच केला, मी फोनवर शोधून दिलेले निकाल वाचून. न्यायाधीश नव्या दमाचे होते, त्यांनी परवानगी दिली. बाहेर आल्यावर सिनियर टपरीवाल्याला सांगत होते, आपली साक्षीदार उमरखेडात अन्‌ साक्ष इथं.

साक्षीच्या दिवशी कापूस वेचणी जोरात होती, कोर्टात गर्दी तुरळक. मी सकाळीच जाऊन कॅमेरा नीट बघून घेतला: त्यात फक्त न्यायाधीशांचं टेबल येत होतं, मागचे बाक नाही. म्हणजे तिला भासरा दिसणार नव्हता. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

टीव्हीवर उमरखेडची खोली आली. खुर्चीत आमची बाई, शेजारी तिथला कोर्टाचा माणूस. त्यानं ओळख पटवली, शपथ दिली. तिनं शपथ मोठ्यानं म्हटली. समोरच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला, आणि मागच्या बाकावरून खाकरण्याचा आवाज आला.

माईक चांगला होता. सरकारी वस्तूंपैकी तेवढीच एक चांगली निघावी हे माझं नशीब. आमच्या डोळ्यांदेखत टीव्हीतल्या बाईनं पदर नाकापर्यंत ओढला. एवढ्या दुरून, तारेतून, तो खाकरा बरोबर तिच्यापर्यंत पोचला होता. मी कपाळाला हात लावला. सिनियर माझ्या कानाशी म्हणाले, "मुद्दाम करून राह्यला." मला तसं वाटलं नाही. त्या माणसाला घरची बाई समोर आली की खाकरायची सवयच असावी. मागच्या वेळीही आणि आताही. तो काही खलनायकासारखा दिसत नव्हता. स्वच्छ धोतर, हातात टोपी, नजर जमिनीवर. पडद्याकडे तो बघतही नव्हता, कारण पडद्यावर धाकट्या भावाची बायको होती.

त्याला पुन्हा ढास लागली, आता खरी. न्यायाधीश वैतागून म्हणाले, "बाहेर जाऊन पाणी पिऊन या. खोकला थांबल्यावरच आत या." तो उठून गेला. टीव्हीतला पदर बघून न्यायाधीशांनाही खरं कारण उमगलं असावं; ते माईकजवळ वाकले. "बाई, तुमचे भासरे बाहेर गेले आहेत. आता उत्तर द्या."

पदर थोडा वर सरकला. "गेले?"

"गेले."

"मंग विचारा."

आणि बाई बोलायला लागली. समोरचा वकील एक प्रश्न विचारायचा, ही उत्तर देऊन वर एक वाक्य जास्तीचं सांगायची. नवरा आजारी असताना कापसाची पऱ्हाटी कोणी निंदली, कोणत्या बांधावर तुरीच्या ओळी होत्या, सगळं. मधेच चित्र थिजलं. तिचा अर्धा उघडा चेहरा काही वेळ टीव्हीवर तसाच राहिला, मग पडदा काळा झाला. आवाज मात्र स्वच्छ येत होता. ओळख आधीच पटली होती, म्हणून चित्र येईपर्यंत पुढे चालू द्या, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

त्या काळ्या पडद्यातून एका बाईचा भरदार आवाज सगळ्या खोलीत घुमत होता, तेवढ्यात भासरा पाणी पिऊन आत आला. बाकावर टेकला. थोडा वेळ ऐकलं. मग त्याला वाटलं असावं की आपलं काम आटोपून दुसऱ्याचं सुरू झालं. त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, खेड्यातल्या माणसाच्या खणखणीत आवाजात, "आमचं झालं काय? हे कोन बाई बोलून राह्यली?"

सिनियरचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला. तोपर्यंत माझ्याही ध्यानात आलं होतं. तिच्या गप्प राहण्यावर उपाय शोधत मी इतके दिवस धावले होते, आणि तिचं ते गप्प राहणंच आमचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय विचारलंत?"

तो उभा राहिला. "काई नाई साहेब. चित्र दिसत नाई न, म्हनून म्हटलं कोन बोलून राह्यलं."

"तुमच्या धाकट्या भावाची बायको बोलते आहे. आवाज ओळखला नाही?"

त्याचा वकील त्याला खाली बसायची खूण करत होता. त्यानं ती पाहिली नाही. हा त्याच्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्याला भर कोर्टात अभिमानानं देता येत होतं. छाती काढून तो म्हणाला, "कसा वळखीन साहेब? आमच्या घरची बाई भासऱ्यासमोर तोंड उघडत नाई. आजपर्यंत एक शब्द आयकला नाई मी तिचा."

ओसरीवरचा तोंडी तोडगा त्यानं स्वतःच्याच तोंडानं मोडीत काढला होता. तो समाधानानं खाली बसला. मला त्या क्षणी आनंद झाला हे खरंच, पण त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतलेले पाहिले आणि या माणसाची दयाही आली. आपण काय बोललो हे त्याला त्या दिवशी कळलं नसावं. न्यायाधीशांनी ते शब्द रोजनाम्यात घेतले. पुढे त्याची साक्ष झाली तेव्हा सिनियरनी उलटतपासात तेवढंच विचारलं आणि तो तेवढंच पुन्हा म्हणाला, खोटं बोलण्यापेक्षा घराची रीत त्याला मोठी होती. अर्धं वावर बाईच्या आणि तिच्या मुलीच्या नावावर लागलं.

पण त्या दिवशीचं काम अजून संपलं नव्हतं. समोरच्या वकिलानं कागद गोळा केले आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून सांगितलं. न्यायाधीशांनी पेन मिटलं, कारकुनाला म्हणाले, उमरखेडची जोडणी बंद करा. इथं आमच्यात जे बोलणं झालं ते सगळं बाईनं तिकडे ऐकलं होतं. भासरा आत आलेला आहे हे तिला आता माहीत होतं. कारकुनाचा हात बटणापर्यंत गेला तोच काळ्या पडद्यातून तिचा आवाज आला.

"साहेब, बंद नका करू. मले अजून बोलाचं हाये."

न्यायाधीशांनी पेन पुन्हा उघडलं.