फोटोच्या कडेचं कोपर

आमच्या घरात फोटोंची एक पत्र्याची पेटी होती आणि त्यातल्या निम्म्याशिम्म्या फोटोंत मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे. कुठे वेणीच्या रिबिनीचं टोक आहे, कुठे परकराची किनार. तोंड कुठेच नाही. फोटो माझे वडील काढत, आणि ते काढत असताना मी त्यांच्या अगदी समोर उभी असायचे.

त्यांना आम्ही नाना म्हणायचो. शहाद्याच्या एका कापसाच्या जिनमध्ये ते हिशेबनीस होते. घरची जमीन काका बघत, त्यामुळे नानांना हौशीला सवड होती. कुणाला पत्त्यांची हौस असते, कुणाला भजनाची. नानांनी सुरतेहून कॅमेरा आणला. काळा चौकोनी डबा, पुढे भिंग, वरच्या अंगाला एक छोटी काच. डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं आणि बाजूची कळ दाबायची. घरात नाना आमच्यासारखंच अहिराणी बोलत. डबा हातात आला की मात्र शाळेतलं मराठी सुरू. "जरा इकडे बघा. हलू नका हं." आई म्हणायची, "डबा हातमा उना का यासनी जीभ पुनाले जास." जीभ पुण्याला जाते हा टोमणा नाना ऐकून न ऐकल्यासारखा करायचे.

पहिली दोनेक वर्षं लोक त्यांच्या मागे लागायचे. कुणी बैलांची शिंगं रंगवून आणी, कुणी शेजाऱ्याचा कोट मागून आणी. एकाने उसने बूट आणले होते, ते पायात जाईनात, तेव्हा ते हातात धरून त्याने फोटो काढून घेतला. नाना वाटेने चालले की लोक ओट्यावरून हाक मारायचे. नाना खूश, आम्हीही खूश.

मग नंदुरबारकडची ती गोष्ट कानावर आली. तिकडच्या कुणा तरुण वकिलालाही हीच हौस होती. नदीवर पाणी भरणाऱ्या एका बाईचा त्याने फोटो काढला आणि तो कुठल्याशा मासिकात छापून आला. मासिक फिरत फिरत तिच्या सासरच्या गावी पोचलं. फोटोत ती हसत होती. ज्याच्याकडे बघून हसलीस तो कोण, असं सासरच्यांनी तिला विचारलं आणि माहेरी आणून सोडलं. यातलं खरं किती, देव जाणे. आठवड्याच्या बाजारात ही गोष्ट दर खेपेला थोडी वाढलेली असायची. कुणी म्हणे तो फोटो मुंबईत विकतात, कुणी म्हणे त्या बाईने विहीर जवळ केली.

त्यानंतर नाना दिसले की बायका पदर पुढे ओढू लागल्या. पाणवठ्यावर पोरं "फोटूवाला उना" म्हणून ओरडत पळायची आणि साऱ्या बायका पाठ करून उभ्या राहायच्या. पुरुष आडवे यायचे. "कसाले काढी ऱ्हायनात? कोनले दखाडतस?" एकाने तर भिंगावर तळहात ठेवला आणि नाना निघून जाईपर्यंत काढला नाही. कालपर्यंत कोट मागून आणणारे हेच लोक. नानांना ते फार लागलं. जेवताना ते म्हणायचे, लोक अडाणी आहेत, यांना कला कळत नाही. त्यांच्या मनात पाप नव्हतं हे मी आजही कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. त्यांना बाया कामात असताना आवडायच्या. दळताना, पाणी शेंदताना, पोराचं डोकं विंचरताना, म्हणजे आपल्याकडे कुणी बघत नाही असं त्यांना वाटत असताना. खोट होती ती तिथेच.

आमच्या घरात मात्र ना आईचा फोटो होता, ना माझा. मी लहान असताना आईने एकदा म्हटलं होतं, हिचा एक काढा. नाना म्हणाले, "आंडेरना फोटो कोना हातमा पडी, सांगता येस का?" आंडेरचं, मुलीच्या जातीचं असं असतं, हे आईलाही पटलं. विषय तिथेच संपला.

लोक बिथरल्यावर नानांना एक युक्ती सुचली. ते मला बरोबर नेऊ लागले. मला चार पावलांवर उभी करायचे, वेणी नीट कर म्हणायचे, हस म्हणायचे. बघणाऱ्याला वाटायचं, बाप लेकीचा फोटो काढतोय. लोक हसून आपापल्या कामाला लागायचे. मग नाना डबा हळूच थोडा वळवायचे आणि माझ्या मागे जी कुणी बाई असेल तिचा फोटो घ्यायचे.

मला हे पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. आपलाच फोटो निघतोय असं समजून मी शेवंतीचं फूल माळून गेले होते. धुळ्याहून फोटो धुऊन आले तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा उलटून बघितले. एकात एक म्हातारी शेंगा फोडत होती आणि कडेला माझं कोपर होतं. मी विचारलं तेव्हा नाना हसले. पारधी बैलाच्या आडून तित्तिराजवळ जातो, तित्तिराला वाटतं बैल चरतोय, असं त्यांनी मला समजावलं. "तू मन्हा बैल शे," ते कौतुकाने म्हणाले. आणि मला, वेडीला, बैल असण्याचा अभिमान वाटला. मैत्रिणींना मी सांगत नव्हते, पण मनात आपण नानांच्या गुपितातल्या आहोत याची ऐट होती.

ती ऐट फार टिकली नाही. वय वाढलं तसं ध्यानात येऊ लागलं की मागे काय चाललंय ते मला ऐकू येतं. बांगड्या वाजायच्या, कुणी सासूची नक्कल करायची, कुणी पोराला पाजत असायची. भिंग कुठे वळलंय यावरून यातली कोण डब्यात चाललीय ते मला कळायचं. आणि मी हसत असायचे, कारण हस असं मला सांगितलेलं असायचं. माझं हसू बघून त्या निर्धास्त व्हायच्या. घरी आल्यावर माझे गाल दुखायचे आणि आईशी बोलावंसं वाटायचं नाही. पुढच्या वेळी नाही म्हणायचं असं मी दर वेळी ठरवायचे. पण नानांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणालाच सवय नव्हती.

त्या वर्षी दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. मला तेरावं सरून चौदावं लागलं होतं. आई दर्शन करून आमच्या गावच्या बायकांबरोबर बांगड्यांच्या दुकानांकडे गेली आणि नाना मला घेऊन घोड्यांच्या बाजारात आले. तिथेही वारं बदललेलं होतं. आधीच्या वर्षी घोडेवाल्यांनी लगाम धरून हौसेने फोटो काढून घेतले होते. आता एकाने डबा बघताच घोडीच्या तोंडावर घोंगडी टाकली. दोन घोड्यांचे फोटो मिळाले तेवढे घेऊन नाना तापीच्या काठाकडे वळले. तिथे खेड्यापाड्यातून आलेल्या लोकांनी गाड्या सोडल्या होत्या आणि बायका चुली मांडून बसल्या होत्या.

एका गाडीपाशी एक म्हातारी भाकरी थापत होती. जवळच तिची सून उन्हाकडे तोंड करून केस वाळवत बसली होती. नुकतंच लग्न झालेलं असावं, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. नदीवर नाहून आली होती. पदर खांद्यावर, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. नाना थांबले. मला कळलं.

"इथे उभी राहा," ते म्हणाले. मी राहिले. "हस." मी हसले. त्या मुलीने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं, बाप-लेक आहेत असं बघून तिला बरं वाटलं असावं, आणि तिने डोळे पुन्हा मिटले. कळ वाजली. नानांनी रीळ पुढे सरकवायची किल्ली फिरवली. ती फिरवत असतानाच म्हातारी उठली. हाताला पीठ तसंच होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "पोर आठे उभी शे अन् तुमना डबा तठे देखस."

नाना शाळेच्या मराठीत म्हणाले, "अहो आजी, मी माझ्या मुलीचा फोटो काढतोय."

तोवर शेजारच्या गाड्यांवरची दोन-चार माणसं जमली. एकाच्या हातात काठी होती. तो म्हणाला, "हाऊ बी त्या नंदुरबारवालासारखाच शे. डबा फोडी टाका." सुनेला आता सारं समजलं होतं. तिने ओले केस घाईने गोळा केले, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि आमच्याकडे पाठ केली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

म्हातारीने काठीवाल्याला हाताने थांबवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग नानांना विचारलं, "तुमना घर हिना फोटो शे का?"

नाना डब्याच्या भिंगावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"एक तरी?"

"नही," नाना म्हणाले. त्यांचं पुणं तिथे संपलं.

"कसाले नही?"

"मोठी व्हयी गयी ती आते. आंडेरना फोटो कोना हातमा..." एवढं बोलून ते थांबले. पुढचं काय आहे ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं.

म्हातारीने सुनेकडे हात केला. आवाज चढवला नाही. "अन् हाई कोनीच आंडेर नही का?"

मी नानांकडे बघत होते. हिशेबाला पक्का म्हणून जिनमध्ये ज्यांना मान होता, घरात ज्यांच्यापुढे कुणी बोलत नव्हतं, ते माझे वडील परक्या माणसांत खाली मान घालून उभे होते, आणि ती बाई चूक बोलली असं मला म्हणता येत नव्हतं. मला त्यांची लाज वाटत होती, माझीही वाटत होती, आणि कुणाची जास्त ते कळत नव्हतं.

"काढा मंग हिना," म्हातारी म्हणाली. "आमना समोर. डबा सरळ धरा."

नानांनी डबा सरळ धरला. भिंगाची मला इतकी ओळख होती, पण ते माझ्याकडे कधी रोखलेलं नव्हतं. काठीवाला बघत होता, गाड्यांवरची माणसं बघत होती, पोरं बघत होती. हात कुठे ठेवावेत ते मला सुचेना. हस म्हणून या वेळी कुणी सांगितलं नाही. नानांनी काचेत पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. कळ वाजली.

"व्हयनं," म्हातारी म्हणाली. "आते तुमनी बी डबामा शे, आमनी बी शे. दोन्हीसनी अब्रू सांभाळज्यात."

माणसं पांगली. आम्ही निघालो तर तिने जाऊ दिलं नाही. न जेवता जायचं नाही म्हणाली. आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तिने आमच्या पुढ्यात ठेवला. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर ठेवताना तिने पदर थोडा वर केला आणि मलाच ऐकू येईल अशा बेताने विचारलं, "तुले बी लाज वाटनी ना?" मी मान हलवली. ती हसली. माझ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी पोटभर जेवले. नानाही जेवले. त्यांनी भाकर मागून घेतली.

दिवस कलताना आम्ही गाडी जोडली. आई बायकांबरोबर पुढच्या गाडीत होती, मी नानांच्या शेजारी. वाटेवरचं लोणखेडा जवळ आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नको," ते हळूच म्हणाले. "रीळ ते पहिलेच सरी गयथं. डबामा काहीच नव्हतं. तुन्हा फोटो उनाच नही."

त्यांना माझी समजूत घालायची होती. लोकांच्या तावडीतून आपण लेकीला शिताफीने सोडवलं, याचं समाधान त्यांच्या आवाजात होतं. रीळ संपलं ते त्या सुनेच्या फोटोवर. तिचा फोटो आला होता. पुढे तो धुळ्याहून धुऊनही आला, चांगला आला, आणि नानांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

मला राग यायला हवा होता. पण आधी मला हायसं वाटलं. माझं तोंड कुणाच्या हाती पडणार नव्हतं. "बरं व्हयनं, नाना," मी म्हटलं. या शब्दांची मला आजही लाज वाटते, नानांची वाटते त्याहून जास्त. कारण ते बोलून झाल्यावर मला ती पाणी देणारी आठवली. तिने विचारलं होतं आणि मी मान हलवून हो म्हटलं होतं. ती तिकडे तापीच्या काठी सासूला हातभार लावत भांडी आवरत असेल, आणि तिला वाटत असेल की त्या डब्यात ती एकटी नाही.