धूमकेतू आणि खुशालीची कार्डं

"तू बघितलंस? मग बोल." आमच्या लालबागच्या वाचनालयात कुणी काहीही ठासून सांगितलं, की रोज येणारे एक संपकरी गिरणीकामगार वर्तमानपत्राआडून एवढंच म्हणत. संप मिटतोय, गिरणी उघडतेय, पुढारी फुटला, सगळ्यांना एकच उत्तर. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लोक त्याच्या शेजारी बसायचं टाळतात.

मी तिथला ग्रंथपाल. ते मला मास्तर म्हणत. वीस वर्षं त्यांनी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. संपात बायकोला कोकणात गावी धाडलं, तशी अर्ध्या लालबागनं धाडली होती. मग धूमकेतू येणार, त्याच्या अगदी जवळून यानं जाणार, अशा बातम्या सुरू झाल्या आणि त्यांनी माझी गणिताची पुस्तकं ताब्यात घेतली.

"सोपं नाय मास्तर. सूर्याजवळ आला की त्याच्यातून वाफ सुटते नि तो स्वतःलाच ढकलतो. रोज बघायचं, रोज गणित सुधारायचं. नायतर यान भलतीकडंच."

एकदा धूमकेतूवर व्याख्यान ठेवलं. शाल-नारळ घेऊन पाहुणे पाऊण तास मानवाच्या विजयावर बोलले. मागून ह्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला दिसला का?" पाहुण्यांनी पाणी मागितलं.

"वहिनींना आणा आता," मी म्हणे.

"काम लागू दे. रिकाम्या हातानं कसा जाऊ? ती बरी हाय. कार्ड येतं ना."

कार्ड येई. शेजारच्या सुनेनं लिहिलेलं, "इकडे सर्व खुशाल." खाली बायकोची सही; तेवढी त्यांनीच तिला शिकवली होती. चार वर्षांत ते एकदाही गेले नाहीत.

मग वडाळ्याला गोदामावर रखवालदारी ठरली. शिमग्याला न्यायला येतो, असं त्यांनी लिहिलं. उत्तरादाखल ती गेल्याची तार आली. त्याच आठवड्यात यान नेमक्या जागी पोचलं. पुढे गेलेल्या यानांनी धूमकेतू नेमका कुठे आहे ते पाहून कळवलं, म्हणून मागच्याची वाट चुकली नाही.

दिवस उरकून ते परतले. मी जपून ठेवलेली कात्रणं त्यांनी बाजूला सारली आणि पट्टी मागितली. टेबलावर कार्डं तारखेनुसार मांडली. पहिल्या कार्डावरची सही सरळ होती. पुढं अक्षरं खाली घसरत गेलेली, दर कार्डागणिक जास्त. प्रत्येक सहीखाली पट्टी धरून ते मोजत होते, पेन्सिलीनं आकडा लिहीत होते. तो त्यांचा वाचनालयातला शेवटचा दिवस.

"गणपतीतल्या कार्डावरच कळत होतं, मास्तर," ते म्हणाले. "मी वरचा मजकूर वाचत बसलो."